नोडात न्हाय

नोड हा शब्द मी शिकले तेव्हा मला धड वाचताही येत नव्हतं. आमचे दादा, म्हणजे वडील, त्यांना आम्ही दादाच म्हणायचो, न्यू बॉम्बेच्या प्लॅनिंग ऑफिसात ट्रेसर होते. साहेब लोक पेन्सिलीने जे काढायचे ते दादा ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईने गिरवायचे. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या शर्टाला नकाशे छापायच्या अमोनियाचा वास असायचा. आई भात उतरवता उतरवता विचारायची, "काय झालं आज?" आणि दादा म्हणायचे, "नेरूळ नोड झाला." भात झाला म्हणावं इतक्या सहज.

नोड म्हणजे नव्या शहराचा वसवायचा एकेक भाग. एका रविवारी त्यांनी मला तो झालेला नोड दाखवायला नेलं. रुंद रस्ते होते, दिव्यांचे खांब होते, सेक्टरच्या नंबरांच्या पाट्या होत्या, आणि माणूस एकही नव्हता. रस्त्याच्या मधोमध एक बगळा उभा होता. मी विचारलं, "लोक कुठंत?" दादा म्हणाले, "येतील की. आधी नोड, मग लोक." मला ते फार आवडलं. पुढे कितीतरी दिवस मी डोळे मिटून त्या रिकाम्या रस्त्यांवरून हिंडायचे आणि कुठल्या घरात कोण राहायला येईल ते ठरवायचे. मी तशी पहिल्यापासून तंद्रीतली मुलगी. घरात याचं कौतुक कोणालाच नव्हतं.

अठ्ठ्याऐंशी साली मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. वाशीतल्या एका शाळेच्या वरच्या दोन मजल्यांवर आमचं कॉलेज भरायचं. आम्ही अकरा जणांनी नेटवर्क्स हा विषय घेतला, आणि घेतल्यावर कळलं की कॉलेजात नेटवर्क नाही. आठ कॉम्प्युटर होते. ते गार खोलीत, कापडी टोप्या घालून, एकमेकांशी काही ओळख नसल्यासारखे बसलेले. चपला बाहेर काढून आत जायचं आणि तासाभरात बाहेर यायचं. टेलिफोन एकच, प्रिन्सिपॉलसाहेबांच्या टेबलावर, त्याच्याही डायलला कुलूप.

शिकवायला अरविंद सर होते. कॉलेजात पाटील आडनावाचे दोन सर, म्हणून यांना सगळे नावानेच हाक मारायचे. ते रोज दादरहून यायचे. खरं नेटवर्क त्यांनीही लांबूनच पाहिलं होतं, पण शिकवायचे असं की ऐकणाऱ्याची झोप उडावी. "प्रोटोकॉल म्हणजे काय, तर बोलायची रीत," ते म्हणायचे. "आधी विचारायचं, ऐकतोयस का? तो हो म्हणाला की मग बोलायचं. बोलून झालं की पोच मागायची. पोच आली नाही तर न रागावता पुन्हा पाठवायचं." मी खिडकीतून खाडीकडे बघत ऐकायचे आणि मला त्या यंत्रांचा हेवा वाटायचा. आमच्या घरात बोलण्याआधी ऐकतेस का म्हणून कोणी कधी विचारलं नव्हतं.

एक दिवस सर म्हणाले, "मशीन नाहीत ना? मग आपणच नेटवर्क होऊ. प्रत्येकाने एका कागदावर आपापला नोड लिहा आणि छातीला लावा."

नोड म्हणजे जाळ्यातला एकेक कॉम्प्युटर. सरांना एक, दोन, तीन असे आकडे हवे होते. पण आम्ही न्यू बॉम्बेची पोरं. आम्हाला नोड म्हणजे एकच गोष्ट माहीत. आम्ही वाशी लिहिलं, तुर्भे लिहिलं, बेलापूर लिहिलं. कमळाकरच्या वडिलांचं कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रान्स्पोर्टचं ऑफिस होतं, त्याने कळंबोली लिहिलं. आमचं क्वार्टर तोपर्यंत नेरूळला आलं होतं, म्हणून मी नेरूळ. सर एकेकाच्या छातीकडे बघत गेले आणि गोंधळले.

"अरे, हे काय? नोड लिहा म्हटलं मी."

"नोडच लिहिलाय, सर," कमळाकर म्हणाला. "पत्त्यात तोच असतो."

मग सरांच्या लक्षात आलं. त्यांनी चष्मा काढला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "चालेल," म्हणाले. "उलट झकास. तुम्ही राहताच नेटवर्कमध्ये."

सगळे हसत होते आणि जमुनाचा कागद कोरा होता.

जमुना सारसोळ्याची. तिचे वडील बाळाराम खाडीत मासेमारी करायचे आणि आई वेणूबाई नेरूळला मासळीची पाटी घेऊन बसायची. वर्गात जमुना फार बोलायची नाही, कारण ती बोलली की कोणीतरी तिच्या बोलीची नक्कल करायचंच. सरांनी विचारलं, "तुझा नोड?"

"आमी नोडात न्हाय, सर."

"नोडात नाही म्हणजे? राहतेस कुठे?"

"सारसोळ्याला. नेरूळ आमच्या दारापरतर आलाय. पन आमी त्याच्यात न्हाय."

ती खरं तेच सांगत होती. जुनी गावं प्लॅनमधून वगळलेली होती. सेक्टर गावाच्या कडेपर्यंत यायचे आणि तिथे वळसा घालायचे. नकाशात गावाच्या जागी नंबर नाही, रेघ नाही. मला ते चांगलं माहीत होतं, कारण दादांना ते काढताना मी पाहिलं होतं. "इथं पांढरं सोडायचं," ते म्हणायचे, आणि त्यांचं पेन अलगद पुढे जायचं. त्या पांढऱ्यात कोणी सकाळी उठून चूल पेटवत असेल, असं माझ्या मनातही कधी आलं नव्हतं. रिकाम्या घरांत माणसं भरणारी मी, भरलेल्या गावाकडे मात्र मी बघितलंच नाही.

सर म्हणाले, "मग असं कर, तू लाईन हो."

म्हणजे तार. आम्ही दहा नोड जागेवर उभे राहायचो आणि जमुना चिठ्ठ्या वाहायची. एका निरोपाचे चार तुकडे करायचे, प्रत्येकावर जायचं ठिकाण आणि क्रमांक टाकायचा, आणि आपल्या तक्त्यात बघून जमुनाला सांगायचं, कळंबोलीचं आहे ना, मग आधी तुर्भ्याला दे. असा तक्ता प्रत्येकाकडे असायचा, पुढची चिठ्ठी कोणाच्या हातात द्यायची ते सांगणारा. मधेच सर जमुनाच्या हातातली एखादी चिठ्ठी काढून खिशात टाकायचे, मग ती पुन्हा मागवावी लागायची. कधी तुकडे उलटसुलट पोचायचे. 'आज चहा कमळाकर पाजणार' हा निरोप कळंबोलीला 'कमळाकर आज पाजणार चहा' असा पोचला, आणि कमळाकर म्हणाला, कसाही वाचा, मी पाजणार नाही.

ते दिवस आठवले की मला अजून गुंगल्यासारखं होतं. दुपारचं तिरपं ऊन, खालच्या शाळेतल्या मुलांचे पाढे, आणि लांबलचक व्हरांड्यात वाशी ते बेलापूर अनवाणी पायांनी जाणारी जमुना. आम्ही प्रत्येकाने आपला एक तक्ता पाठ केला. तिच्या हातून सगळ्यांच्या चिठ्ठ्या गेल्या, त्यामुळे डिसेंबरपर्यंत तिला दहाच्या दहा तक्ते येत होते. हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. लाईनीला कोण काय विचारतो?

जानेवारीत सरांनी बातमी आणली. खाडीपलीकडच्या एका मोठ्या संस्थेत खरं नेटवर्क होतं. तिथून निघालेलं पत्र परदेशातल्या कॉम्प्युटरवर जायचं आणि कधी कधी त्याच दिवशी उत्तर यायचं. सहा महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी आमच्या कॉलेजातून एकाला घेणार होते. एकच जागा. नेटवर्क्सच्या व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, ज्याला सगळ्यात जास्त मार्क, त्याचं नाव जाणार.

मला ती जागा हवी होती. किती हवी होती ते सांगायची आता लाज वाटत नाही. मला नोकरीचं पडलं नव्हतं. एक निरोप खरोखर निघालेला बघायचा होता, आणि त्याची पोच आलेली. त्या विचाराने मला रात्री झोप यायची नाही आणि दिवसा जाग यायची नाही. वर्गात सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की सगुणा, म्हणजे मीच, जाणार.

व्हायवासाठी दोघादोघांनी, आणि एका गटात तिघांनी, मिळून पाच नोडांचं नेटवर्क मांडायचं होतं. माझ्या वाट्याला जमुना आली. नकाशा मी काढायचा हे न बोलता ठरलं, कारण माझा हात दादांचा होता. नोड आम्ही आपले नेहमीचेच घेतले. वाशी, तुर्भे, नेरूळ, बेलापूर, कळंबोली. कुठून कुठे वाट आहे आणि तिला किती वेळ लागतो, ते आम्ही बसने फिरून लिहून घेतलं. मग जमुना म्हणाली, "एक वाट राह्यली. रविवारी ये घरी. भरती सकाळची हाय."

त्या रविवारी मी पहिल्यांदा सारसोळ्यात पाऊल टाकलं. माझ्या क्वार्टरपासून पंधरा मिनिटांवर. बाळारामकाकांनी आम्हाला होडीत घेतलं आणि कांदळवनाच्या कडेकडेने बेलापूरच्या दिवाळे गावाकडे निघाले. पाणी आणि आभाळ एकाच राखी रंगाचं होतं, मधली रेघ दिसतच नव्हती. इंजिन थांबवलं की पाणी होडीला हळूच चापट्या मारायचं. पाण्यातून नेरूळ दिसलं, अर्ध्या बांधलेल्या बिल्डिंगा, दिव्यांचे खांब, सगळं धुक्यात. इकडून बघताना ते कोणीतरी ठेवून विसरून गेल्यासारखं वाटत होतं.

"ह्या वाटंनं आमी कवापासून जातो," काका म्हणाले. "वाशीपासून दिवाल्यापरतर. रस्ते मागाहून झाले."

जमुनाने माझ्या वहीवर बोट ठेवलं. "ही पन लिंक हाय ना गं? वाशी, सारसोळे, बेलापूर. टाकशील ना नकाशात, आमचा गाव?"

"टाकते की," मी म्हटलं.

ती पाण्याकडे बघत म्हणाली, "मला पन जायचंय तिकडं. सगल्यांच्या चिठ्ठ्या नेल्या मी. खऱ्या लाईनीच्या पल्याड कोन बसतं ते एकदा बघायचंय." मी हो हो म्हटलं. तिलाही तीच जागा हवी आहे, हे तेव्हा मला कळलं. ऐकून मला बरं वाटलं नाही.

व्हायवाच्या आदल्या दिवशी मी दादांच्या टेबलावर बसले. त्यांचं पेन, त्यांची शाई, गोलांची स्टेन्सिल. पाच नोड असे काही नेमके बसले की मीच बघत राहिले. मग सारसोळे घालायला घेतलं. ते कुठेच बसेना. कडेला एक ठिपका आणि त्याच्यातून सगळ्या नकाशाला वळसा घालणारी एक नागमोडी रेघ. पेन्सिलीने काढलं, पुसलं, परत काढलं. दादा मागे येऊन उभे राहिले. पेन्सिलीची रेघ तेव्हा पुसलेली होती. म्हणाले, "झाक झालंय. आता हात लावू नको."

मी हात लावला नाही. विसरले नाही मी. पुढे कितीतरी जणांना मी विसरले म्हणून सांगितलं आहे. ते खोटं आहे.

सकाळी गुंडाळी घेऊन कॉलेजात गेले तर आमचाच नंबर पहिला. आत मात्र एकेकीनेच जायचं होतं. जमुनाला नकाशा दाखवायला वेळ नव्हता, आणि मी तो बाहेर काढलाही नाही. अरविंद सरांशेजारी बसलेले बाहेरचे परीक्षक म्हातारे, सडपातळ, बशीत चहा ओतून पिणारे होते. त्यांनी नकाशा पसरला, छान म्हणाले, आणि पेन्सिलीने तुर्भे आणि नेरूळ यांच्यावर फुली मारली.

"हे दोन नोड बंद पडले. वाशीचा निरोप बेलापूरला कसा जाईल?"

"जाणार नाही, सर," मी म्हटलं. "नेटवर्कचे दोन तुकडे झाले."

"बरोबर," ते म्हणाले. आणखी चार प्रश्न झाले, चारही आले. मी बाहेर आले आणि जमुना आत गेली. पंखा बंद होता म्हणून दार उघडंच ठेवलं होतं. मी व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी राहिले. प्रश्न तोच आला.

"पोचंल, सर," जमुना म्हणाली.

"कसा?"

"सारसोल्यावरनं. पान्यातनं."

"कुठे आहे सारसोळे?"

 मग कागदावर बोट फिरल्याचा बारीक आवाज आला. ती शोधत होती. वाशीपासून खाली, कडेकडेने, परत वर. तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. शेवटी ती म्हणाली, "हितं न्हाय, सर."

"मग निरोप पोचेल का?"

"पोचंल."

"जमुना, समोर बघून उत्तर दे," अरविंद सर म्हणाले. ते तिला सावरायला बघत होते.

"न्हाय ते नकाशात. पन वाट हाय."

परीक्षक हसले. माणूस वाईट नव्हता. "बाळ, नकाशात नाही ते आपल्याला धरता येत नाही," ते म्हणाले, आणि त्यांच्या पेनाचा आवाज आला.

मी जिंकले होते. मला काहीही करायचं नव्हतं, नुसतं आणखी मिनिटभर भिंतीला टेकून उभं राहायचं होतं. जमुना कोणाला सांगणारी नव्हती. तेवढ्या वेळात मी खाडीपलीकडची ती खोली बघून आले, तिथल्या खुर्चीवर बसूनही आले. आणि मला भीती वाटली. त्या खुर्चीवर बसल्यावर पहिल्याच निरोपाला कागदावरून फिरणाऱ्या बोटाचा आवाज येईल, अशी साधी भीती. मी फार चांगली आहे म्हणून काही आत गेले नाही.

"सर, चूक माझी आहे," मी दारातूनच म्हटलं. "गाव आहे. वाट आहे. मी त्या वाटेने गेलेय. तिने मला घालायला सांगितलं होतं, मी घातलं नाही."

अरविंद सर माझ्याकडे बघतच राहिले. परीक्षकांनी विचारलं, "का घातलं नाही?"

मी टेबलाशी जाऊन उभी राहिले. त्यांनी आपलं पेन पुढे केलं. "मग काढ आता."

स्टेन्सिल नव्हती आणि पेन परकं होतं. ठिपक्याच्या जागी शाईचा डाग पडला. रेघ वाशीहून निघाली, डागातून गेली आणि कशीबशी बेलापूरला पोचली.

"वेळ किती लागतो?"

मला माहीत नव्हतं. मी जमुनाकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. "भरतीला सवा तास," ती म्हणाली. "सुकतीला चिखल असतो. तवा वाट बंद."

परीक्षकांनी बशी खाली ठेवली. "म्हणजे ही लिंक दिवसातून दोनदा बंद पडते. मग वाशीला कसं कळणार, आत्ता चालू आहे की बंद?"

हे आमच्या नोट्समध्ये नव्हतं. मला तरी आलं नसतं.

"वाशीनं इचारायचं, सर. थोड्या थोड्या येलानं. हाय का? पल्याडनं आलं, हाय, तर चिठ्ठी सोडायची. तीनदा इचारून आवाज नाय आला तर वाट बंद धरायची, नि शेजारच्यांना सांगायचं, आमच्याकडनं पाठवू नका."

"बंद धरली, मग विचारणं थांबवायचं?"

"नाय, सर. बंद असली तरी इचारतच ऱ्हायचं. नायतर उघडली ती कलनार कशी?"

 परीक्षकांनी विचारलं, "हे कुठे वाचलंस?"

"वाचला नाय. मी लाईन होते, सर."

त्यांना ते समजलं नाही. अरविंद सरांना समजलं. ते उठून खिडकीशी गेले आणि उगाचच खिडकीची कडी लावून परत काढत बसले. मग सरांनी व्हरांड्यातल्या दहा तक्त्यांचं सांगितलं, परीक्षकांनी तिच्या मार्कांचा आधीचा आकडा खोडला आणि त्यांनी जमुनाला आणखी वीस मिनिटं प्रश्न विचारले, दहाही तक्त्यांतले. संध्याकाळी यादी लागली. जमुना पहिली होती, तिला माझ्यापेक्षा चार मार्क जास्त होते. जागा तिची झाली.

मला आनंद झाला असं मी म्हणणार नाही. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. नळाला पाणी नव्हतं, म्हणून तसंच ओढणीने तोंड पुसून खाली आले आणि शाळेच्या पायऱ्यांवर बसले. नकाशाची गुंडाळी मांडीवर होती. जमुना आली आणि एक पायरी सोडून बसली. ती आभार मानेल असं मला वाटलं होतं. अजूनही मी तेवढी मूर्ख होते.

"आधी का नाय काढलास?" तिने विचारलं.

सांगण्यासारखी खूप कारणं होती. वेळ नव्हता, दादा हात लावू नको म्हणाले, ऑफिसच्या नकाशातच नाही. तोंडापर्यंत आलेली सगळी मी गिळली.

"चांगलं दिसत नव्हतं," मी म्हटलं.

"आमचा गाव?"

"हो. सगळं वाकडं व्हायचं."

 तिने माझ्या मांडीवरची गुंडाळी घेतली, पायरीवर उलगडली आणि दोन्ही टोकं तळव्यांनी दाबून धरली. खूप वेळ बघत होती.

"मंग आता कसा दिसतो?"

छान म्हणावं असं फार वाटलं. "वाकडा," मी म्हटलं.

"तसाच हाय," जमुना म्हणाली, आणि नकाशा गुंडाळून तिने आपल्या पिशवीत ठेवला.